गोडादऱ्यातली मेझकाल

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी माझ्याकडे डाग मागितला. शाईचा, चहाचा, तेलाचा, कुठलाही चालेल म्हणाले, फक्त जुना हवा. ताजे त्यांच्याकडे होते. मी सांगितलं, माझ्याकडे डाग नाही. त्यांनी माझी बाही उलटून पाहिली, कोपराजवळ एक पिवळट ठिपका शोधून काढला आणि "हा काय, हळदीचा," असं म्हणून उद्या हा शर्ट पिशवीत घालून आणायला सांगितलं. शर्ट परत मिळाला तेव्हा डाग गेला होता. बाहीचा निळा रंगही गेला होता. "म्हणजे हा उपाय छापायचा नाही," ते समाधानाने म्हणाले. शर्टाबद्दल ते काही बोलले नाहीत.

हे आमच्या दैनिकाच्या घरगुती पानाचे संपादक. कचेरीत सगळे त्यांना नाना म्हणत. आमचा अंक मराठीत निघायचा आणि सुरतेत वाचला जायचा. रिंगरोडवर कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर कचेरी होती. खाली साड्यांचे गठ्ठे चढत-उतरत, वर बातम्या. वाचक म्हणजे लिंबायत, गोडादरा, नवागाम इथली लूमवर आणि बांधकामावर काम करणारी कुटुंबं. कोणी खानदेशातलं, कोणी मराठवाड्यातलं, कोणी विदर्भातलं. नाना स्वतः अमळनेरकडचे.

त्यांच्या पानावर दर शनिवारी पाककृती, घरगुती उपाय आणि कामाच्या युक्त्या येत. त्यांचा नियम एकच होता. जे आपल्या घरी करून पाहिलेलं नाही, ते छापायचं नाही. "न केलेली पाककृती म्हणजे अफवा," ते म्हणत. "अफवा पहिल्या पानावर घ्या. तिथे चालतात."

मध्यंतरी राशिभविष्याचा रकाना त्यांच्याकडे सोपवण्यात आला होता. त्यांनी तोही तपासायला घेतला. ज्या आठवड्यात सिंह राशीला पूर्वेचा प्रवास टाळायला सांगितलं होतं, त्या आठवड्यात ते मुद्दाम बसने कडोदऱ्याला गेले, तिथे चहा प्यायले, सुखरूप परतले आणि ज्योतिषाला फोन करून खुलासा मागू लागले. ज्योतिषाने विचारलं, तुमची रास सिंह का? नाना म्हणाले, नाही, कर्क, पण सिंहेचं कोणीतरी करून बघायला नको? रकाना त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

त्यांचा काटेकोरपणा मात्र चक्रमपणा नव्हता, किंवा नुसता चक्रमपणा नव्हता. त्यांच्या पानावरची कुठलीही पाककृती एका शेगडीवर आणि एका कढईत व्हायची. सकाळच्या पदार्थात मिक्सर नसायचा. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नवागामच्या खोलीत रात्रपाळीहून आलेला माणूस त्याच खोलीत झोपलेला असतो. मिक्सर लावला की तो उठतो. मग चटणी कितीही चांगली होऊ दे, घरात भांडण." कचेरीत बायकांचे फोन यायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "नानांच्या पानावर आलंय ना? मग होईलच."

बिघडलेले प्रयोग घरी खाल्ले जात. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, घरात अहिराणी बोलत. मी पहिल्यांदा गोडादऱ्याला जेवायला गेलो तेव्हा त्यांनी ताटात काहीतरी करडं वाढलं आणि स्पष्ट सांगितलं, "आमना घरमा चांगलं बनस ते पेपरमा जास. बिगडस ते आम्ही खातस."

मग पुण्याहून आदेश आला. सगळ्या आवृत्त्यांसाठी घरगुती पान यापुढे पुण्यातच तयार होणार होतं. रंगीत, देखणं, एकसारखं. सुरतेने ते आहे तसं छापायचं. स्थानिक पान हवं असेल तर त्याची गरज काय, हे पाहायला पुरवण्यांचे प्रमुख स्वतः येऊन जाणार होते. पान गेलं तर नानांची बदली वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती तपासायला होणार, हेही कळवण्यात आलं होतं.

"त्यात तपासायचं काय?" नाना म्हणाले. "माणूस खरंच जन्मला होता का, ते?"

आदेशासोबत नमुन्याचं पान जोडलं होतं. त्यावर सगळ्यात वर, उंच ग्लासाच्या फोटोखाली, मथळा होता: 'घरच्या घरी स्मोकी, स्पायसी मेझकाल कॉकटेल'. नाना ते पान घेऊन माझ्याकडे आले.

"मेझकाल म्हणजे काय रे?"

मी फोनवर पाहून सांगितलं. मेक्सिकोतली दारू. घायपातीसारख्या झाडाचा गड्डा जमिनीत खड्डा करून भाजतात, मग त्याची काढतात. म्हणून तिला धुराचा वास असतो.

"घायपात? आपल्याकडे जिचे दोर वळतात ती?"

"त्याच कुळातली."

"म्हणजे आमच्या बांधावर मेक्सिको उभं आहे आणि आम्ही त्याला म्हशी बांधतो."

नाना आयुष्यात कधी दारू प्यायले नव्हते. गुजरातेत दारूबंदी आहे, या गोष्टीचा त्यांनी उल्लेखही केला नाही. तो पोलिसांचा मुद्दा आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी पुण्याला फोन लावला आणि प्रमुखांना एवढंच विचारलं की हे कोणी करून पाहिलंय.

"आपली टीम आहे ना, नाना."

"टीम प्यायली का?"

"अहो, हे लाइफस्टाइल आहे. लोक वाचतात. करत कोण बसतंय?"

नानांनी फोन ठेवला. चेहरा असा झाला होता की जणू कोणी त्यांच्या घरच्यांबद्दल वाईट बोललं होतं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा फोन लावून प्रमुखांना सांगितलं की आपण सुरतेला याल त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी यायचं. हेच पेय, इथे जे मिळतं त्यात, गोडादऱ्याच्या स्वयंपाकघरात करून पाजतो. करता आलं तर पान इथेच राहू द्या. नाही आलं तर तुमचं पान छापतो. प्रमुख हसले आणि म्हणाले, ठरलं.

आता नानांच्या प्रयोगांचा आणखी एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यामुळे घडलं. कुठल्याही कृतीत एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदलले तर बिघाड कुणामुळे झाला ते कळत नाही. मेझकाल सुरतेत मिळणार नव्हती, तेव्हा तिच्या जागी दुसरं काहीतरी घ्यावं लागणार होतं. बाकी सगळं छापल्याप्रमाणे.

थंडीचे दिवस होते. सुरतेत थंडीत पहाटे नीरा मिळते, ताडाच्या झाडाची, गोड, पाण्यासारखी पातळ. फिरायला जाणारे लोक ती उभ्याउभ्या पिऊन पुढे जातात. नानांनी विचार केला की तीही झाडातूनच येते, हीही झाडातूनच येते, आणि नीरा तर सरकार स्वतः विकू देतं. ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत ते स्टीलची कॅन घेऊन नीरेच्या केंद्रावर गेले. विकणाऱ्याने कॅन बघून सांगितलं, "काका, घर ले जा रहे हो तो जाते ही पी लेना." नानांनी हा विक्रेत्यांचा नेहमीचा आग्रह समजून मान हलवली.

धुराची सोय घरीच होती. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काट्यांवर, म्हणजे काड्यांवर, भाजतात, गॅसवर भाजलेल्या वांग्याला तिकडे कोणी भरीत म्हणत नाही. नानांच्या गावाहून दर हिवाळ्यात वांग्यांबरोबर काट्यांची मोळीही सुरतेला यायची आणि मागच्या अंगणात उभी असायची. नानांनी काट्या पेटवल्या, निखारे झाल्यावर एक निखारा वाटीत ठेवला, वाटी नीरेच्या पातेल्यात तरंगत सोडली, निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकला आणि झाकण लावलं. वर ओलं फडकं. मिठाला आणि लाल मिरचीलाही त्याच धुरात बसवलं. शेजारची बाई हातात ताटली घेऊन दारात आली आणि तिने विचारलं, भरीत झालं का? वहिनींनी तिला सांगितलं, "भरीत नही शे. पेपर शे."

पुण्याच्या पानावर लिहिलं होतं: 'चिरलेल्या मिरच्या सकाळी मेझकालमध्ये घालून ठेवाव्यात व संध्याकाळी गाळून घ्यावे.' नानांनी मिरच्या चिरल्या, धुरावलेल्या नीरेत घातल्या, पातेलं झाकलं आणि ते कचेरीत आले. छापलेल्या कुठल्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाने ते एक वाक्य मात्र शब्दशः पाळलं. बदल एकच करायचा होता आणि तो करून झाला होता.

संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो. नाना, मी, पुण्याचे प्रमुख आणि जाहिरात विभागाचे भाई. भाई अस्सल सुरती. जिथे काही खायला किंवा प्यायला असेल तिथे ते कामानिमित्त हजर असत. वहिनींनी बिनआमंत्रणाची भजी तळली होती. नानांनी पेय गाळलं, त्यात लिंबू पिळलं, थोडा गुळाचा पाक घातला आणि ग्लासांच्या कडा धुरावलेल्या मिरची-मिठात बुडवून आमच्यासमोर ठेवले.

प्रमुखांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला.

"नाना, काय केलंय हे! बिनदारूचं असून याला किक आहे!"

"मिरचीची," नाना म्हणाले.

"आणि हा आंबटपणा?"

"लिंबू."

"आणि हे जिभेवर बारीक बारीक फुटतंय ते?"

नानांनी ग्लासात डोकावून पाहिलं. "धूर," ते म्हणाले.

वहिनींनी चमचाभर चाखून "आंबी गयं," असा निकाल दिला आणि त्या भज्यांकडे गेल्या. भाईंनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरून पाहिला, नानांकडे पाहिलं, पुन्हा ग्लासाकडे पाहिलं. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले आणि ग्लास पुढे केला. त्यानंतर त्यांनी संध्याकाळभर दुसरा एकही शब्द उच्चारला नाही, फक्त ग्लास पुढे करत राहिले.

नाना स्वतः पीत होते, कारण पाहुण्याला जेवढं पाजायचं तेवढं आपण प्यायचं, हाही प्रयोगाचा भाग होता. हळूहळू त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग प्रमुखांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुमचं पान छान आहे."

"छे छे. तुमचं पान छान आहे."

"नाही. तुमचं. फोटो किती मोठा आहे! ग्लास केवढा उंच!"

"फोटोत काय आहे नाना?" प्रमुख कळवळून म्हणाले. "तो फोटो विकतचा आहे. तो ग्लास कोणाच्याही घरात नाही. कोणी प्यायलेलं नाही ते. मी सांगतो, करून बघितल्याशिवाय यापुढे एक अक्षर छापायचं नाही. पुण्यातसुद्धा नाही!"

"कशाला पण?" नाना म्हणाले. "उगाच त्रास. वाचणारा कुठे करून बघतो?"

"असं कसं म्हणता? नवागामची बाई करते ना!"

"कुठली बाई? लोक वाचतात आणि सोडून देतात. मी इतकी वर्षं उगाच हिला करपलेलं खायला घातलं." नानांनी प्रमुखांचा हात धरला. "छापा साहेब. न करता छापा. सरळ छापा."

"मुळीच नाही! सुरतेचं पान सुरतेतच राहणार. माझा शब्द आहे!"

"मी नाही ठेवून घेणार!"

दोघंही उभे राहिले. भांडण आता हातघाईवर येणार असं वाटत असताना त्यांनी एकमेकांना मिठी मारली. भाईंनी दोघांचे उरलेले ग्लास संपवले आणि प्रमुखांना रिक्षात बसवून हॉटेलवर सोडलं. जाताना प्रमुख रिक्षातून ओरडून सांगत होते, "करून बघा! सगळं करून बघा!"

सकाळी नानांचं डोकं दुखत होतं. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्यांनीच नंतर सांगितलं. वहिनींनी चहा देताना विचारलं, "आते कळनी का चव?" ते तडक नीरेच्या केंद्रावर गेले आणि काल नेलेली नीरा आपण दिवसभर मिरच्या घालून ठेवली होती, ती संध्याकाळी प्यायलो, असं त्यांनी विकणाऱ्याला सांगितलं. विकणाऱ्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, वो नीरा नहीं थी फिर. ताड़ी पी आपने. ज़ोर से मत बोलो."

नाना कचेरीत आले ते थेट भाईंच्या टेबलापाशी.

"तुम्हाला कळलं होतं?"

"नाना," भाई म्हणाले, "हुं सुरती छुं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तुम्ही ग्लास काढून घेतला असता ने."

नाना माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांची पैज खरं तर जिंकून झाली होती. प्रमुखांनी साक्षीदारांसमोर शब्द दिला होता. दुपारच्या गाडीने ते पुण्याला जाणार होते. गप्प बसणं, एवढंच काम उरलं होतं. भाईंनी मागोमाग येऊन तसा सल्लाही दिला. "जे झालं ते सारु झालं. आता फोन लावू नका ने."

नानांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना साक्षीदार हवा होता.

"साहेब, काल जे ठरलं ते ताडीत ठरलं."

मग प्रमुखांनी विचारलं, "तरीच. पण ताडी म्हणजे, मुद्दाम?"

"नाही. तुमच्या पानावर सकाळी घालून संध्याकाळी गाळा असं छापलंय. मी तसं केलं. नीरेला ते चालत नाही. चूक माझी, पदार्थ बदलला तर वेळही बदलावी लागते हे मी पाहिलं नाही. तर कालचा निर्णय धरू नका. शुद्धीवर आहात ना आता?"

"आहे."

"मग पुन्हा घ्या."

प्रमुख म्हणाले, "काल नेमकं कोण काय म्हणालं, मला नीट आठवत नाही हो."

इथे नानांना दुसरी संधी होती. भाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. नानांनी सगळं संभाषण क्रमाने सांगितलं, प्रमुखांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत आणि स्वतःचं स्वतःच्या शब्दांत, काही न वगळता. करून बघितल्याशिवाय छापू नका हे प्रमुख म्हणाले. वाचणारा कुठे करून बघतो, सरळ छापा, हे मी म्हणालो.

"असं तुम्ही म्हणालात?"

"हो. मी."

"नाना," प्रमुख गंभीरपणे म्हणाले, "तुमचा मुद्दा मला पटला."

नानांनी फोन खाली ठेवला. भाई कपाळावर हात मारून बाहेर गेले. नाना म्हणाले, "बरं झालं. आता हा निर्णय पक्का आहे. काल घेतलेला टिकला नसता."

स्थानिक पान आणखी एकदाच निघणार होतं. त्यात नानांनी धुरावलेल्या नीरेची कृती दिली: कपाशीच्या काट्यांचा निखारा, तुपाचा थेंब, मिरची-मिठाची कड, आणि पहाटे आणून लगेच प्यावे. खाली चौकटीत त्यांनी एक सूचना घातली. 'हे पेय सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवू नये. ठेवल्यास ते कायद्याने पिता येत नाही, आणि प्यायल्यास त्या अवस्थेत कोणताही निर्णय घेऊ नये. दोन जबाबदार माणसांवर प्रयोग झालेला आहे.' अंक तपासणाऱ्या मुख्य टेबलाने ती चौकट काढायला हवी होती. का काढली नाही, हे कोणी सांगू शकलं नाही.

पुढच्या शनिवारी पुण्याचं रंगीत पान आलं आणि नाना वाढदिवसाच्या जाहिरातींच्या टेबलावर बसले. त्या आठवड्यात घरगुती पानासाठी पूर्वी कधी आले नव्हते एवढे फोन आले. ऑपरेटर ते सगळे नानांच्या टेबलावर देत होती, कारण दुसरं कोणी ते घेण्यासारखं नव्हतं. त्या पानाला पहिल्यांदाच पुरुष फोन करत होते. लिंबायतहून, नवागामहून, एकजण तर कडोदऱ्याहून. सगळे आधी वहिनींची चौकशी करत, पान बंद झाल्याबद्दल हळहळ व्यक्त करत, आणि मग आवाज खाली आणून विचारत, "नाना, ते संध्याकाळपर्यंत ठेवू नये म्हणालात ना. म्हणजे नेमकं किती वाजल्यापासून ते पिता येत नाही?"

नाना प्रत्येकाला खरं तेच सांगत. "तेवढं मी तपासलेलं नाही."

"मग तपासा ना," पलीकडून आग्रह होई. "आम्ही येतो."

नाना फोन ठेवत आणि समोरचा कागद पुढे ओढत. त्यावर कुणा नगरसेवकाचा हसरा फोटो असे आणि खाली शतायुषी होण्याच्या शुभेच्छा. ते लाल पेन काढून बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसत. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसे.